मोंब्रेझाकला जाऊन आलेली माणसं

सात वर्षांच्या मुलीला 'खोटं बोलू नकोस' असं आपण रोज सांगतो. 'खरं बोलू नकोस' हे नेमकं कसं सांगायचं, या विचाराने मला आदल्या रात्री झोप लागली नाही.

झालं होतं असं, की दुसऱ्या दिवशी मोंब्रेझाकच्या मेयरबाई सिंगापूरमधल्या आमच्या जुरोंग ईस्टच्या ऑफिसात येणार होत्या. मोंब्रेझाक म्हणजे फ्रान्समधलं एक छोटंसं गाव. टेकडीवर चर्च, मधे चौक, खाली नदी, आजूबाजूला द्राक्षाचे मळे, आणि माणसं आम्ही राहतो त्या चोआ चू कांगच्या दोन ब्लॉकमध्ये आरामात मावतील इतकी. या गावाचा सात-आठशे वर्षांचा इतिहास कानात सांगणारा ऑडिओ गाइड आमची कंपनी बनवत होती. पर्यटकाने हेडफोन लावून गावातून चालायचं, आणि आम्ही त्याला सांगायचं की आता उजवीकडे बघ, इथे एकाचं मुंडकं उडवलं होतं.

कंपनीकडे तेव्हा तेवढं एकच काम होतं. मेयरबाईंनी गाइड ऐकून 'हो' म्हटलं तर कंपनी राहणार, कंपनी राहिली तर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू होणार, आणि माझ्या पासला नवरा आणि मुलगी अशी आणखी दोन माणसं लटकलेली. पूर्वी मी नवऱ्याच्या पासला लटकले होते. त्याची नोकरी गेली आणि आम्ही फक्त जागा बदलल्या.

अडचण एकच होती. आमच्या बॉसनी मेयरबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं, की आमची सगळी टीम मोंब्रेझाकला राहून आली आहे. प्रत्यक्षात आमच्यातलं कुणीही मोंब्रेझाकला गेलेलं नव्हतं. आणि ही गोष्ट माझ्या मुलीला, सईला, व्यवस्थित माहीत होती.

अशा ऑफिसात काम केलं की किस्से जमवावे लागत नाहीत, फ्रिजमागच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात. मैत्रिणी जमल्या की 'ते मोंब्रेझाकचं सांग' म्हणतात, आणि दर वेळी मी ठरवते की एखादाच सांगायचा. मग फ्रिज सरकवला जातो.

* * *

सुरुवात नावापासून करते, कारण आमची सुरुवातही तिथेच अडली होती.

आमचे बॉस बापट सर. मूळचे पुण्याचे, बरीच वर्षं बँकेत आयटी सांभाळून आता स्वतःची कंपनी काढून बसलेले. सरांना इतिहासाची आवड आहे आणि इतिहासाला सरांपासून सुटका नाही. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगला जागून 'मॉन्टब्रेझॅक' असं घेतलं. मेयरबाई हसून म्हणाल्या की त्यातला 'ट' आम्ही बोलत नाही. सरांना वाटलं, फ्रेंचमध्ये अक्षरं खायची असतात. पुढच्या वाक्यात त्यांनी शेवटचा 'क'सुद्धा खाल्ला आणि 'मोंब्रेझा' म्हणाले. बाई म्हणाल्या, शेवटचं अक्षर परत द्या, ते आम्हाला लागतं.

आमच्या अकाउंट्सला मृणाल आहे. मूळची ठाण्याची, आता क्वीन्सटाउनला राहते, दिवसभर हिशेब बघते आणि उरलेल्या वेळात आम्हाला बघते. कॉल संपल्यावर ती म्हणाली, "लिहिलेली सगळी अक्षरं बोलले असते, तर त्या गावात जरा तरी आवाज असता."

सरांनी मात्र हा धडा फार मनावर घेतला. पुढचे कित्येक दिवस ते शेवटची अक्षरं गाळत फिरत होते. खालच्या फूड कोर्टात त्यांनी काउंटरवरच्या अंकलना ऐटीत सांगितलं, 'काया तोस'. अंकलनी मान वर न करता नारळाच्या जॅमचा काया टोस्ट पुढे सरकवला आणि इथल्या सगळ्यांसारखं स्वतःही आत ओरडून सांगितलं, 'वन मोअर काया तोस'.

सर वर येऊन मला म्हणाले, "केतकी, लक्षात आलं का तुझ्या? सिंगापूरला फ्रेंच प्रभाव आहे. यावर कुणी काम केलेलं नाही."

* * *

मी इतिहासात एम.ए. केलं आहे. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक विचारतात, 'मग आता काय करतेस?' गाइडची संहिता मी लिहायचे आणि सर ती 'जिवंत' करायचे. म्हणजे त्यात महाराष्ट्र घालायचे.

मोंब्रेझाकवर एके काळी इंग्रजांचा राजा आणि फ्रेंचांचा राजा असा दोघांचा दावा होता. गाव इतक्या वेळा इकडचं तिकडे झालं, की शेवटी लोकांनी दोन्ही निशाणं धुऊन, घड्या घालून तयार ठेवली होती म्हणे. मधल्या काळात पगार थकलेले सैनिक टोळ्या करून फिरायचे आणि गाव जाळायचं नसेल तर इतके पैसे द्या म्हणायचे. हे मी साधं लिहिलं होतं. सरांनी वाचलं, त्यांचे डोळे चमकले, आणि इंग्रजी संहितेत त्यांनी वाक्य घातलं, की हे सैनिक गावकऱ्यांकडून 'चौथ' वसूल करत.

मृणाल म्हणाली, "सर, फ्रान्समध्ये चौथ वसूल करायला कोण गेलं होतं? नागपूरकर?"

सर म्हणाले, भावना पोचली पाहिजे, शब्दाचं काय एवढं.

रेकॉर्डिंग करणारी ह्वी मिन ही इथलीच, सिंगापूरची. काम चोख, बोलणं मोजकं. ती स्टुडिओतून बाहेर आली आणि तो शब्द दाखवून तिने विचारलं, की हा उच्चार कसा करायचा, हा फ्रेंच शब्द आहे का?

सर म्हणाले, "ओल्ड फ्रेंच."

* * *

आता यातला माझा किस्सा. इतरांचे सांगून आपला गाळला, तर लोकांना आपण फार हुशार वाटतो.

गावाचा नकाशा आमच्या भिंतीवर लावलेला होता. चौकात, कमानींच्या समोर, एका मोठ्या इमारतीवर नाव होतं. उच्चार साधारण 'मेरी'. सर म्हणाले, मदर मेरी, दुसरं काय, स्पेलिंग जुनं असेल. मला थोडी शंका आली, कारण टेकडीवर चर्च आधीच होतं. पण मला दिवसातून इतक्या शंका येतात, की त्यातली खरी कुठली ते ओळखता येत नाही. गॅस बंद केला का, सईच्या बॅगेत पाण्याची बाटली ठेवली का, ही इमारत देऊळ आहे का, सगळ्या एकाच आवाजात येतात. मी ती शंका गॅसच्या शंकेबरोबर दाबली आणि लिहायला बसले.

आणि काय सांगू, फार सुंदर लिहिलं हो. 'इथे टोपी काढा. आवाज खाली ठेवा. शतकानुशतकं या गावचे लोक आपली दुःखं घेऊन या दारात उभे राहिले आहेत. आत कुणीतरी ऐकतं आहे, या विश्वासावर. एक मेणबत्ती लावा.' ह्वी मिनने ते रेकॉर्ड करताना मागे हलकी घंटा टाकली. सरांना गहिवरून आलं.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या कऱ्हाडजवळ असतात. आज काय लिहिलंस विचारल्यावर मी सांगितलं, की चौकातलं मेरीचं देऊळ. नेटवर्क अडखळत होतं. त्या म्हणाल्या, "मरीआई? ती चौकात कशी असेल गं? ती गावाबाहेर पाहिजे. रोगराई काय चौकात आणून बसवतात होय?"

मी त्यांना समजावणार होते, की अहो आई, ही मरीआई नव्हे, तिथे वेगळं असतं. आणि समजावता समजावता वाटलं, एकदा बघावंच तिथे काय असतं. बघितलं. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ नगरपालिका. मेयरबाईंचं ऑफिस. मी पर्यटकांना टोपी काढून नगरपालिकेत मेणबत्ती लावायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रडवेली होऊन ऑफिसात कबूल केलं. सगळं पुन्हा लिहावं लागेल म्हणाले. मृणालने कागद घेतला, शांतपणे वाचला.

"कशाला?" ती म्हणाली. "लोक दुःखं घेऊन येतात, हळू आवाजात बोलतात, आत कुणीतरी ऐकतंय अशा विश्वासावर उभे राहतात. नगरपालिकाच आहे ही. फक्त मेणबत्ती काढ."

* * *

मोंब्रेझाकच्या आसपासचा भाग हे गाइडचं दुसरं प्रकरण होतं. नदी, जुना दगडी पूल, पलीकडचे मळे. तिथे एक वेगळीच भानगड निघाली.

फ्रेंच राज्यक्रांतीत वरून हुकूम आला, की देवळांच्या घंटा वितळवून तोफा करायच्या. अधिकारी घंटा न्यायला आले तेव्हा मोंब्रेझाकच्या लोकांनी मोठ्या देशभक्तीने घंटा दिली. फक्त ती पुलापलीकडच्या गावातून रात्रीत उतरवून आणलेली होती. स्वतःची घंटा त्यांनी दारूच्या पिंपात लपवली. ती अजून वाजते. पलीकडचं गाव अजून बोलत नाही.

मी हा प्रसंग रंगवून लिहिला. मेयरबाईंचं उत्तर आलं, की छान आहे, पण पलीकडच्या गावाचं नाव घेऊ नका. घंटेबद्दल लिहू नका. शक्य झालं तर पलीकडे गाव आहे हेही सांगू नका.

मला वाटलं बाई गंमत करताहेत. बापट सरांना मात्र हे ताबडतोब पटलं. त्यांच्या कॉन्डोत मराठी घरं मोजून सहा, आणि दिवाळीचे फराळ दोन होतात. एका फराळाला चिवडा आधी वाढला की शेव, यावरून दुसरा फराळ निघाला. सर म्हणाले, "दोनशे वर्षं म्हणजे काहीच नाही. आपण आदर केला पाहिजे."

पण पूल तर दिसतोच. पर्यटक त्यावर उभा राहणार, त्याला काहीतरी सांगायला हवं. पलीकडे गाव नाही, तर मग एवढा मोठा दगडी पूल बांधला कशाला? आम्ही तिघं आठवडाभर डोकं फोडत होतो. शेवटी जे वाक्य गाइडमध्ये गेलं ते सरांचं आहे आणि मला तसं अजून जमलेलं नाही.

'हा भव्य पूल मोंब्रेझाकमध्ये सुरू होतो.'

* * *

आता ती थाप.

खरं म्हणजे सरांनी ती ठरवून मारली नव्हती. कॉलवर मेयरबाई सहज म्हणाल्या, की तुम्ही लोक इथे येऊन गेला असालच, नाहीतर इतकं बारीक लिहिता आलं नसतं. तिथे 'नाही' म्हणायला साधारण अर्धा सेकंद असतो. सरांनी तो घालवला. मग म्हणाले, "मॅडम, वी हॅव लिव्ह्ड इन इट. द होल टीम. विथ फॅमिली."

ते 'विथ फॅमिली' कशाला जोडलं, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, ओघात आलं.

तसं बघितलं तर ते अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते. आम्ही रोज मोंब्रेझाकमध्ये चालत होतोच. इंटरनेटवरच्या रस्त्यांच्या फोटोंतून, माउसने. बेकरीच्या कोपऱ्यावर त्या फोटोत निळा एप्रन घातलेली एक बाई उभी आहे, चेहरा पुसट केलेला. आम्ही तिला निळी मावशी म्हणायचो. घरी सईला कुणी सांभाळायला नसलं की ती ऑफिसात माझ्या मांडीवर बसून माउस फिरवायची आणि निळ्या मावशीपाशी आली की हात हलवायची. त्या मावशीने कधी हात हलवला नाही, पण सईचे इथले शेजारीही फारसे हलवत नाहीत, त्यामुळे तिला ते खटकलं नाही.

पावलांचे आवाज हवे होते. जुन्या दगडी गल्लीतून चालल्याचे. ह्वी मिनने ते आमच्याच ब्लॉकखालच्या बागेत केले. तिथे तळपायांना मसाज व्हावा म्हणून गोटे बसवलेली वाट असते, म्हातारी माणसं सकाळी त्यावरून अनवाणी जातात. तिथे मी लाकडी टाचेच्या चपला घालून शतकाशतकांतून चालत होते आणि शेजारचे एक अंकल 'शूज ऑफ, शूज ऑफ' म्हणून ओरडत होते. अंकलना ह्वी मिनने कापलं. एक गोष्ट कापायची राहिली.

मेयरबाईंना नमुना पाठवला. त्यांनी कॉलवर खूप कौतुक केलं. म्हणाल्या, डोळे मिटले आणि माझीच गल्ली वाटली. फक्त मागे तो पक्षी कुठला ओरडतोय? आमच्याकडे असा पक्षी नाही.

आमच्या बागेतला कोकीळ होता तो. इथे तो पहाटेपासून सगळ्या ब्लॉकचा जीव खातो. मला वाटलं संपलं. मृणालने स्वतःचा कॅमेरा बंद केला.

सर म्हणाले, "मायग्रेटरी, मॅडम. वी वेअर व्हेरी लकी."

* * *

मेयरबाईंना गाइडची मुलांसाठी वेगळी आवृत्ती हवी होती, मुलाच्याच आवाजात. बाहेरून मूल आणायचं म्हणजे खर्च. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सई घरी आमच्याशी मराठी ऐकते आणि उत्तर मात्र शाळेतल्या, वाक्यामागे 'लाह' लावायच्या इंग्रजीत देते. तिच्या मराठीची काळजी करणं हा माझा जुना उद्योग आहे. तिला आजोबांच्या गावाचं नाव विचारलं तर ती 'दॅट वन नियर कऱ्हाड' म्हणते. मोंब्रेझाकचं मात्र तिला सगळं पाठ. प्लेग कुठून शिरला, वेस कधी बंद केली, कुठल्या पाद्र्याने पळ काढला. आई म्हणून मी नेमकं काय केलं, हे मला कधीकधी बसून तपासावंसं वाटतं. मग मी बसत नाही.

रेकॉर्डिंगला मी तिला वाचायला दिलं, की महामारीने गावाची निम्मी लोकसंख्या नष्ट झाली. तिने वाचलं, कागद खाली ठेवला आणि स्वतःच्या भाषेत सांगितलं, "सो मेनी पीपल डाय ऑलरेडी. हाफ द व्हिलेज, गॉन." मी म्हटलं पुन्हा घेऊ. ह्वी मिन म्हणाली, नको, तुझ्यापेक्षा हे बरं आहे, निदान कळतं तरी.

हे झालं आणि पुढच्याच आठवड्यात सईच्या क्लास टीचरचा मला फोन आला. आवाज इतका मऊ, की मी फोन घेऊन बाहेर गेले. त्या म्हणाल्या, आज वर्गात मुलं आपापल्या गावाबद्दल बोलत होती. सईने सांगितलं की तिच्या गावात ताप आला आणि अर्धं गाव गेलं, आणि जे उरले त्यांनी दारं आतून बंद करून घेतली. एक मुलगा रडला. शाळेत समुपदेशक आहेत, हवं तर सईसाठी वेळ ठरवू.

मी म्हणायला हवं होतं, की मॅडम, हे सगळं सहाशे वर्षांपूर्वी झालं, फ्रान्समध्ये, आणि आम्ही त्या गावचे नाही. मी तोंड उघडलंही. पण त्या इतक्या मनापासून म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस."

मी 'थँक यू' म्हणाले.

* * *

तर त्या मेयरबाई.

कुठल्याशा पर्यटन मेळाव्यासाठी त्या सिंगापूरला येणार होत्या आणि जाता जाता गाइड शेवटचा ऐकून 'हो' की 'नाही' ते तोंडावरच सांगणार होत्या. नेमकी तेव्हा सईच्या शाळेला सुट्टी. नेमका त्याच दिवशी माझ्या नवऱ्याचा, अनिकेतचा, इंटरव्ह्यू. मी सरांना म्हटलं सईला आणावं लागेल. सर आधी दचकले, मग म्हणाले, आण, आवाज तिचाच आहे, बाईंना भेटायचंच असेल. फक्त तिला नीट सांगून ठेव.

हे 'नीट सांगणं' रात्रभर माझ्या छातीवर बसलं होतं. सकाळी एमआरटी मेट्रोत मी सईला हळूच म्हटलं, की त्या आजींनी विचारलं, तुम्ही आमच्या गावाला आला होतात का, तर तू फक्त हसायचं.

सई म्हणाली, "टीचर सेज व्हेन अडल्ट आस्क, मस्ट आन्सर."

मग म्हण, मला आठवत नाही.

"बट आय रिमेंबर. वी नेव्हर गो."

समोरच्या सीटवरच्या बाईंनी फोनमधून मान वर केली. मी पुढची सगळी स्टेशनं खिडकीबाहेर बघत काढली. आपण मुलीला काय शिकवतोय आणि कशासाठी शिकवतोय, याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते उत्तर खिशात पास होऊन बसलं होतं.

मेयरबाई आल्या. मी उगाच रेशमी स्कार्फवाली कुणी बाई डोळ्यांपुढे धरली होती. या साठीच्या, आखूड पांढरे केस, पायांत मळके बूट. सरपंच होण्याआधी त्या गुरांच्या डॉक्टर होत्या. सरपंचच म्हणते, एवढ्याशा गावाला मेयर म्हणताना जीभ अडते. माणसाकडे बघताना त्या आधी डोळे बघायच्या, मग जबडा. बापट सरांकडे बघतानाही.

त्यांनी हेडफोन लावले आणि गाइड अख्खा ऐकला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मधे एकदा सर घसा साफ करणार होते, मृणालने त्यांच्या पायावर पाय ठेवला. ऐकून झाल्यावर बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, लिहिलंय चांगलं. इतकं चांगलं, की मला एक शंका येते आहे.

बाई कोपऱ्यात गेल्या. तिथे सई खाली बसून रंगवत होती. त्या गुडघे मोडून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुरांच्या डॉक्टरांना ती सवय असणार. म्हणाल्या, मुलांच्या गाइडमध्ये तुझाच आवाज आहे ना? फार आवडला मला. मग त्यांनी फोनवर एक फोटो उघडून तिच्यापुढे धरला. चर्चमागे एक उंच, गोल, दगडी बुरूज. गाइडमध्ये आम्ही तो कुठेच घेतलेला नव्हता, कारण रस्त्याच्या फोटोंतून तो झाडाआड जातो.

"तू आमच्या गावाला आली होतीस ना?" बाईंनी अगदी सहज विचारलं. "मग या बुरुजावर चढली होतीस का?"

मी सईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. मी मनातल्या मनात घरातलं सामान खोक्यांत भरायला घेतलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला वाटलं, बोल बाई खरं, होऊ दे काय व्हायचं ते.

सई म्हणाली, "टू मेनी स्टेप्स. बापट अंकल कॅरी मी."

बापट सर लॅपटॉपची बॅगसुद्धा चाकांची वापरतात. त्यांचा एक गुडघा स्टीलचा आहे.

बाईंनी फोन खाली घेतला. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, की या बुरुजाचा जिना माझे वडील लहान असताना कोसळला. तेव्हापासून वर कुणी गेलेलं नाही. मीसुद्धा नाही.

ह्वी मिन स्टुडिओच्या दारात पुतळ्यासारखी उभी. मृणालने डोळे मिटून घेतले होते. एसी सोळावर होता आणि सरांच्या कानामागून घाम उतरत होता. बाईंनी जागेवरून न उठता फक्त मान वळवून एकदा सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी खुर्चीतून उठले. सांगून टाकायचं ठरवलं होतं, पहिलं वाक्यही जुळवलं होतं.

सईने जांभळा खडू ठेवला, हिरवा घेतला, आणि चित्रातून मान वर न काढता म्हणाली,

"येस लाह. दॅट्स व्हाय अंकल सो स्केअर्ड."